चिलीचं पाठटाचण

नलिनी घाडींना चिली हा देश खडूच्या एका ओढीत काढता यायचा. फळ्याच्या वरच्या कडेला खडू टेकवायचा, हात न उचलता सरळ खाली आणायचा, शेवटाला जरासा उजवीकडे मुरडायचा. गोरेगावच्या महापालिकेच्या शाळेत बत्तीस वर्षं त्यांनी हा देश काढला आणि तास संपल्यावर पुसला. "कोकण डोळ्यांसमोर आणा," त्या मुलांना सांगायच्या. "एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे चिंचोळी पट्टी. आता ती दोन्ही टोकांना धरून ताणा. वरचं टोक वाळवंटात गेलं, खालचं बर्फात. झाला चिली." वर्गातली निम्मी मुलं कोकणातलीच, त्यामुळे त्यांना ते पटकन समजायचं.

बाई स्वतः मात्र काठमांडूच्या पुढे गेल्या नव्हत्या, आणि तेही शिक्षक पतपेढीच्या सहलीबरोबर. भूगोल शिकवणाऱ्याने जग पाहिलेलं असलं पाहिजे असा काही नियम नाही, आणि नियम नसलेली गोष्ट करायची बाईंना सवय नव्हती. पुस्तकात आहे ते खरं, नाही ते नाही. एकदा नववीतल्या शीतल नावाच्या मुलीने उत्तरपत्रिकेत लिहिलं होतं की अटाकामाच्या वाळवंटात कधीमधी पाऊस पडला तर फुलं येतात. बाईंनी त्यावर लाल फुली मारली. "बाई, मी पेपरात वाचलंय," शीतल म्हणाली होती. "पुस्तकात आहे ते लिही," असं सांगून बाईंनी अर्धा गुण कापलेला तसाच ठेवला.

ही शीतल आता अंधेरीला कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. बाई निवृत्त होऊन चार वर्षं झाल्यावर, एका सकाळी तिने त्यांना मोबाईलवर एक फोटो पाठवला. करडे उघडे डोंगर आणि त्यांच्या पायथ्याशी नजर जाईल तिथवर जांभळी फुलं. खाली एवढंच लिहिलं होतं, 'बाई, अटाकामा', आणि जोडीला नमस्काराचे दोन हात. ते हात बाईंना फार झोंबले. त्यांना दोन दिवस जेवण गोड लागलं नाही आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, "मला चिलीला जायचंय."

दिंडोशीच्या म्हाडा कॉलनीतल्या त्या घरात माणसं तीन. बाई, त्यांचे यजमान विद्याधर आणि मुलगी जान्हवी. विद्याधर टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. चौतीस वर्षांची जान्हवी अंधेरीच्या ऑफिसात नोकरी करते आणि लग्नाचा विषय निघाला की तिला नेमका कुणाचा तरी फोन येतो.

"कुठे?" विद्याधरांनी विचारलं.

"चिली."

"ते मिरचीचं?"

"अहो, देश आहे. दक्षिण अमेरिकेत."

विद्याधरांनी वर्तमानपत्राची घडी घातली. ही बाई मनात आणते ते तडीस नेते, हे त्यांना छत्तीस वर्षांच्या संसारात कळून चुकलं होतं. म्हणून त्यांनी मोडता न घालता फक्त मुद्द्याचा प्रश्न विचारला. "तिथे मासे मिळतात?"

"चार हजार तीनशे किलोमीटर लांबीचा देश आहे तो. सगळा समुद्राकाठी."

"समुद्रकाठ आपल्यालाही आहे. जरा वर्सोव्याला जाऊन पापलेटचा भाव विचार. मिळतात म्हणजे भाताबरोबर मिळतात का, असं विचारतोय मी."

जान्हवी हसून म्हणाली, "बाबा, मिळतात. भातही मिळतो. चला, आपण खरंच जाऊया."

मग तयारीला जोर आला. दुसरं कुणी असतं तर सहल कंपनीची माहितीपत्रकं गोळा करून बसलं असतं. बाईंनी दोनशे पानी वही काढली आणि पाठटाचण लिहायला घेतलं. शिक्षकाने तासावर जाण्याआधी लिहायची टिपणं, त्याला पाठटाचण म्हणतात. उद्दिष्ट काय, साधनं कोणती, वेळ किती आणि शेवटी मूल्यमापन, म्हणजे समोरच्याला काय कळलं ते कसं तपासणार. शाळा तपासायला अधिकारी आले की आधी ही वही मागायचे, आणि बाईंची वही कधी अपुरी निघाली नव्हती. आता त्यांनी चिलीचे पाठ पाडले. पाठ पहिला, उत्तरेचं वाळवंट आणि मिठागरं. पाठ दुसरा, राजधानी सान्तियागो आणि शेजारचं वालपराइसो बंदर, जिथली घरं टेकडीवर चढत जातात. पाठ तिसरा, दक्षिणेतली तळी आणि ज्वालामुखी. पाठ चौथा, अगदी तळाच्या हिमनद्या.

"आई, सतरा दिवसांत एवढं बसत नाही गं," जान्हवी लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली. "एकतर वाळवंट कर नाहीतर बर्फ. दोन्हींच्या मधे जवळजवळ काश्मीर ते कन्याकुमारी एवढं अंतर आहे, त्याच्याहून जास्तच."

"बत्तीस वर्षं मी पूर्ण देश काढलाय. आता अर्धा कसा बघू?"

"विमानाने बघावा लागेल मग. आणि मे महिन्यात नाही हं, तेव्हा तिथे थंडीची सुरुवात असते."

"मला सांगतेस? दक्षिण गोलार्ध आहे तो," बाई म्हणाल्या. त्यांना मनातून हे फार आवडलं. अर्ध्या लोकांची फजिती इथेच होते. मे महिन्याच्या सुट्टीत जातात आणि कुडकुडत बसतात. आपली काही होणार नाही.

वाळवंटात फुलं दरवर्षी येतातच असं नाही. पाऊस झाला तर येतात, आणि यायची असली तर साधारण सप्टेंबरात. हे कळल्यावर महिना ठरला. विद्याधरांनी एकदाच तक्रार केली. उत्तरेच्या मिठागरांवर फ्लेमिंगो दिसतात, असं बाईंनी कौतुकाने वाचून दाखवलं, तेव्हा ते म्हणाले, "फ्लेमिंगो बघायला अर्धी पृथ्वी ओलांडायची? ऐरोलीच्या खाडीत उभे असतात की. रिक्षा जाते." त्या दिवशी त्यांना दुपारचा चहा स्वतः करून घ्यावा लागला.

दसऱ्याला तिकिटं काढायचं ठरलं. जान्हवीने तारखांची फार कसोशीने पारख केली. सप्टेंबरच्या अठराला चिलीचा मोठा राष्ट्रीय सण असतो, सगळीकडे गर्दी आणि दुकानं बंद. त्या दिवसांत आपण शहरात नको, वाळवंटात असू, असं तिने बसवलं. नऊला निघायचं, सव्वीसला परत. बटण दाबण्याआधी तिने विचारलं, "आई, गणपती कधी आहेत पुढच्या वर्षी? गावच्या गणपतीची पाळी आपली आहे ना?"

बाईंनी बोटं मोजली. "या वर्षी सत्तावीस ऑगस्टला होते. चांद्रवर्ष अकरा दिवसांनी लहान. म्हणजे पुढच्या वर्षी सोळा ऑगस्ट. गौरी-गणपती बोळवून मी बावीस-तेवीसला मुंबईत."

"कॅलेंडरात बघून घ्या एकदा," विद्याधर म्हणाले.

"नवं कॅलेंडर अजून आलंय कुठे? आणि मी भूगोल शिकवलाय."

सूर्य, चंद्र आणि वारे यांच्याबाबत त्या घरात बाईंचा शब्द शेवटचा. जान्हवीने बटण दाबलं, विद्याधरांनी देवापुढे पेढा ठेवला आणि सगळ्यांनी एकमेकांना सोनं दिलं.

नवं कॅलेंडर दिवाळीनंतर आलं आणि गुंडाळी तशीच कपाटावर पडून राहिली. घाडींच्या घरात पुढल्या वर्षाचं कॅलेंडर एक जानेवारीआधी उघडत नाहीत. विद्याधरांचे वडील धोंडू घाडी गिरणीत कामाला होते. गिरणीला टाळं लागलं त्याच्या आदल्या महिन्यात कुणीतरी नवं कॅलेंडर उघडलं होतं म्हणे. एवढ्याने गिरण्या बंद पडत असत्या तर मालकांना दुसरं काहीच करावं लागलं नसतं. पण हातातलं वर्ष सरल्याशिवाय पुढलं उघडायचं नाही हा धोंडूंचा शब्द, आणि तो ते गेल्यावर वीस वर्षं पाळला जात होता.

एक जानेवारीला सकाळी विद्याधरांनी कॅलेंडर खिळ्याला अडकवलं. मग नेहमीसारखी लाल पेन्सिल घेतली. गावच्या गाडीचं आरक्षण चुकू नये म्हणून गणपतीच्या तारखेला गोल करायचा हे त्यांचं वर्षातलं पहिलं काम. ऑगस्ट उघडला. सोळा तारीख बघितली. तिच्या आजूबाजूला बघितलं. मग पान उलटलं.

"नलिनी."

ते बायकोला एरवी 'अगो' म्हणत. नाव घेऊन हाक मारत ती कुणी गेल्याची बातमी असली तरच. बाई कणकेच्या हातांनी बाहेर आल्या.

"कोण गेलं?"

"कोणी नाही. चौदा सप्टेंबर."

"काय चौदा सप्टेंबर?"

"गणपती."

बाईंनी त्याच हातांनी कॅलेंडर उतरवलं आणि मागे मागे चाळत गेल्या. मे महिन्यावर थांबल्या. तिथे बारीक अक्षरांत छापलेलं होतं, अधिक ज्येष्ठ. तेरावा महिना. तीन वर्षांनी एकदा येतो आणि मागे मागे सरकत आलेले सगळे सण महिनाभर पुढे ढकलतो. हा महिना का येतो, हे बत्तीस वर्षं दर वर्षी एक संपूर्ण तास त्यांनी मुलांना समजावलं होतं. चंद्रासाठी चेंडू आणि सूर्यासाठी टॉर्च घेऊन.

त्या मटकन खुर्चीत बसल्या. जान्हवी ब्रश तोंडात धरून बाहेर आली आणि आईकडे बघून घाबरली.

"वाट लागली," विद्याधर म्हणाले.

आता कुणीही म्हणेल, की अधिक महिना विसरणं शक्य तरी आहे का? शक्य आहे. मराठी घरात तो महिना लक्षात राहतो जावयामुळे. धोंड्याचा महिना आला की जावयाला बोलवा, तेहेतीस अनारसे करा, चांदीचं निरांजन द्या, यादी वर्षभर आधी सुरू होते. नलिनीबाईंच्या घरात जावईच नाही. त्यामुळे धोंडा शेजारणींच्या घरी येऊन परस्पर निघून जाई.

"जान्हवीचं लग्न झालं असतं तर..." विद्याधरांनी सुरुवात केली.

"बाबा, प्लीज यार, आत्ता नको!"

मग तिघं बसून वाटा शोधू लागली. तिकिटं ऑक्टोबरात ढकलावीत तर फुलं वाळायला लागणार. जान्हवीची रजा सप्टेंबरचीच मंजूर झालेली, आणि डिसेंबरात तिची बदली बंगळूरला. बाईंच्या दोन्ही गुडघ्यांना डॉक्टरांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिलेली, त्यानंतर ऑपरेशन. ते झाल्यावर वाळवंटात चालायला कधी जमेल, जमेल की नाही, हे डॉक्टरही सांगत नव्हते. एवढं सगळं समोर मांडल्यावर बाईंना स्पष्ट दिसलं, की या सप्टेंबरात गेलो नाही तर आपण चिलीला जात नाही.

"तुम्ही दोघी जा," विद्याधर म्हणाले. "गणपती मी करतो."

"तुम्हाला उकड काढता येते? सात दिवस, दोन वेळा चाळीस पानं उठतात. आणि गौर बाईमाणसाने आणायची असते." पण त्यांनी ते बोलून दाखवलं याचं बाईंना बरं वाटलं.

कणकवलीच्या पुढे गावी घाडींचं घर आहे. गणपती तिथेच बसतो आणि तो तीन भावांच्या पाळीने चालतो. थोरले भाऊराव गावीच असतात. त्यांची बायको वारली, त्यांच्या पाळीला दोघी जावा मिळून करतात. मधले विद्याधर. धाकटा बाळा मुलुंडला. ज्याची पाळी, त्याच्या बायकोने सगळं करायचं. पाळी फक्त सुतक किंवा सोयर असलं तरच टळते. आणि हे सासूबाईंच्या पश्चात कुणी कडक ठेवलं असेल, तर ते नलिनीबाईंनीच.

"मग काकांशी अदलाबदल करूया ना," जान्हवी म्हणाली. "या वर्षी रेवतीकाकू करेल, पुढच्या वर्षी आपण. सिम्पल."

बाई आणि विद्याधर एकमेकांकडे बघत राहिले. जान्हवीला सगळं माहीत नव्हतं.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. पाळी बाळाची होती. रेवतीची मुलगी ऋतिका अबूधाबीला पहिलटकरीण, दिवस भरत आलेले, आणि तारीख नेमकी गणपतीतली. मुलीची सासू अंथरुणाला खिळलेली, तिकडे करणारं कुणी नाही. रेवती दिंडोशीला आली होती. याच खुर्चीत बसून म्हणाली होती, "वहिनी, या वर्षी तुम्ही घ्याल? मी पुढे दोनदा करीन." आणि नलिनीबाई म्हणाल्या होत्या, "पाळी म्हणजे पाळी, रेवती. सुतक-सोयर असतं तर गोष्ट वेगळी. मुलीच्या मुलाचं आपल्याला सोयर नसतं." नियमाला धरून ते अगदी बरोबर होतं. रेवती चहा न संपवता उठली. त्यानंतर दोघी जावा गावी एकत्र राबल्या, पापड लाटले, एकमेकींच्या आजारपणात डबेही दिले, पण रेवतीने त्यांच्याकडे काही म्हणून मागितलं नाही.

"मी फोन करतो बाळाला," विद्याधर म्हणाले.

"नको. मी जाईन. तिच्यासमोर बसून विचारायला हवं." मग त्या जान्हवीला म्हणाल्या, "ती नाही म्हणाली तर तिकिटं रद्द कर. माझ्याशी वाद घालू नकोस."

संक्रांतीनंतरच्या रविवारी रेवतीकडे हळदीकुंकू होतं. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने बसला दीड तास लागला आणि त्या दीड तासात बाईंनी बोलायची पाच वाक्यं तयार केली. मुलुंड पूर्वेला मिठागर रोडवर तिसऱ्या मजल्यावर रेवतीचं घर. दार उघडल्याबरोबर रेवतीने "या वहिनी" म्हटलं, तिळगूळ दिला, वाण म्हणून स्टीलची डबी दिली आणि ती पुन्हा बायकांच्या घोळक्यात शिरली. बाई सोफ्याच्या कोपऱ्यात डबी मांडीवर घेऊन बसून राहिल्या. तासाभराने बायका पांगल्या. बाळा खाली कुणाला तरी सोडायला गेला. रेवती कप विसळू लागली. बाई मदतीला गेल्या तर म्हणाली, "राहू दे, तुम्ही बसा." ती एकेक कप जरुरीपेक्षा जास्त वेळ विसळते आहे हे बाईंना दिसत होतं.

"रेवती, मला एक मागायचंय."

"चिलीचं ना? भावोजींनी ह्यांना सांगितलं परवा. त्यांच्या पोटात काय राहतं?"

म्हणजे हिला ठाऊक होतं. ठाऊक असून तासभर बसवून ठेवलं. बाईंना राग आला आणि लगेच कळलं, की आपल्याला तो येण्याचा हक्क नाही.

"या वर्षी गणपती तू घेशील का? पुढच्या वर्षी तुझी पाळी मी करीन."

रेवतीने नळ बंद केला. "पाळी म्हणजे पाळी, असं कोण म्हणालं होतं?"

"मी."

"सुतक-सोयर असेल तरच."

"मीच म्हणाले होते."

"मग? चिलीत कोण बाळंत झालंय?"

बसमधली पाचही वाक्यं बाईंच्या डोक्यातून पार उडाली. नियम सासूबाईंचा होता, हे जिभेच्या टोकावर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. "रेवती, तेव्हा मी नियमाचं नाव पुढे केलं. खरी गोष्ट अशी, की आदल्याच वर्षी माझी पाळी झाली होती. मी दमले होते, मला पुन्हा करायचं नव्हतं. आणि तुला नाही म्हणताना मला थोडं बरंही वाटलं होतं. आपण मोठे आहोत असं वाटलं होतं. माझं चुकलं. त्याच वर्षी येऊन सांगायला हवं होतं, मी आठ वर्षं लावली."

रेवती ओट्याला टेकून उभी राहिली. "आणि मी आता नाही म्हटलं तर?"

"तर मी करीन. माझीच पाळी आहे."

"आणि चिली?"

"नकाशात आहेच की."

बत्तीस वर्षं भरल्या वर्गासमोर उभं राहिलेल्या बाईंना त्या स्वयंपाकघरात कुठे बघावं ते कळेना. त्या कपांकडे बघत राहिल्या.

रेवतीने पदराला हात पुसले. मग बोलली ती मालवणीत. मुंबईत चाळीस वर्षं काढूनही आतलं काही आलं की ती मालवणीवर येत असे.

"त्या दिवशी मीया मोदकाचा खोबरा खवत हुतंय," ती म्हणाली. "घरात रेंज नाय. हे फोन घेवन मागच्या फणसाखाली गेले आणि थयसून माका हाक मारल्यानी. मी तशीच धावलंय. ह्यांनी फोन धरल्यानी माझ्यासमोर. पोरगो रडता हुतो, ऋतिका रडता हुती. माझे दोनय हात खोबऱ्याचे. डोळे पुसूक गावले नाय, म्हणान माका धड दिसलाच नाय काय ता. मगे रेंज गेली."

बाईंना ते आठवलं. त्या तेव्हा माजघरात केळीची पानं पुसत होत्या. रेवती आत येऊन पुन्हा खवणीवर बसली तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "काय झालं?" "मुलगा झाला," रेवती म्हणाली होती. आणि बाईंनी म्हटलं होतं, "छान. खोबरं अजून दोन नारळांचं लागेल."

"रेवती..."

"गणपती मी करतंय," रेवती म्हणाली. "तुमी जावा. ता वाळवंट मोबायलार बघू नकात."

बाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि रेवतीने त्यांच्याकडे पाठ करून उरलेले कप पालथे घातले. रडायचं असेल तर रडू दे, पण आपण बघणार नाही, एवढीच तिची माया होती आणि त्या वेळी तेवढी पुरेशी होती.

दाराशी चपला घालताना ती पुन्हा मुंबईच्या मराठीवर आली. "दोन गोष्टी सांगते वहिनी. भाऊरावांना फोन तुम्ही करायचा. पाळी बदलता येते, सुतक-सोयर नसलं तरी येते, हे तुमच्या तोंडून जाऊ दे. उद्या जान्हवीला, ऋतिकाला कुणी अडवायला नको."

"करते. आणि दुसरी?"

"तिथून मला फोटो पाठवायचे नाहीत. एकसुद्धा नको. परत आलात की या इथे आणि बसून सांगा."

बाईंनी घरी पोचल्या पोचल्या भाऊरावांना फोन लावला. ते आधी कुरकुरले. आईच्या वेळेपासूनचा नियम, लोक काय म्हणतील, वगैरे. "लोक विचारतील तर माझं नाव सांगा, भाऊजी," बाई म्हणाल्या. "नियम मी धरून बसले होते, सोडतेही मीच." विद्याधरांनी कॅलेंडरावर चौदा तारखेला लाल गोल केला आणि शेजारी लिहिलं, बाळा. मग चिलीत भाताबरोबर मिळणारे मासे नेमके कुठले, हे जान्हवीला पुन्हा एकदा विचारलं.

बाईंनी पाठटाचणाची वही उघडली. उद्दिष्टं भरलेली होती, साधनं भरलेली होती, सतरा दिवसांचा तास न् तास भरलेला होता. एकच रकाना तीन महिने कोरा होता. सहलीचं मूल्यमापन कसं करतात ते त्यांना सुचलं नव्हतं. आज त्यांनी लाल पेन घेतलं आणि वळणदार अक्षरात लिहिलं:

मूल्यमापन: तोंडी. परीक्षक: रेवती.